महाबळेश्वरचा ताप आणि नववीतली रजा

आमचा धंदा शाळेच्या गणवेशांचा. सोलापुरात चादर-टॉवेलवाले जसे गल्लोगल्ली, तसे आता गणवेशवालेही. आमचं युनिट लहानच आहे, पण फेब्रुवारी ते जून मान वर करायला फुरसत नसते. म्हणजे महाराष्ट्रातल्या पोरांना सुट्टी लागते तेव्हा आम्ही त्यांच्या पँटी शिवत बसलेलो असतो. दिवाळीत कारागिरांचा बोनस, फराळ, पाडवा, भाऊबीज यांत आठवडा कसा जातो कळत नाही. आम्ही खरे मोकळे होतो ते नोव्हेंबर सरताना. आणि तेव्हा शाळा भरलेली असते.

त्यामुळे दुसऱ्यांच्या मुलांना शाळेत जायचे कपडे पुरवणारे आम्ही, स्वतःच्या मुलांना शाळेतून काढून फिरायला नेतो. डॉक्टर, दुकानदार, द्राक्षबागायतदार, हॉटेलवाले, ज्यांचा मे महिना आपला नसतो अशा घरांत हाच प्रश्न असतो. लहान मूल असेपर्यंत काही वाटत नाही. पोर तेरा-चौदाचं झालं की शाळा, क्लास, मित्र आणि ते पोर स्वतः, अशा चौघांची परवानगी लागते. ती कशी काढायची ते मी ठेच खाऊन शिकले.

ठेच अशी. थोरला सातवीत असताना आम्ही त्याला चार दिवस महाबळेश्वरला नेलं आणि शाळेत चिठ्ठी दिली, ‘व्हायरल ताप’. तिसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी स्ट्रॉबेरीच्या टोपलीसकट सगळ्यांचा फोटो स्टेटसला टाकला. व्हॉट्सॲपवर वर्गशिक्षकांचा नंबर सेव्ह आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. सोमवारी भर वर्गात सरांनी विचारलं, “काय रे, उतरला का महाबळेश्वरचा ताप?” वर्ग हसला. पोरगं घरी येऊन दप्तर फेकून म्हणालं, “खोटं तुम्ही बोलला, हसले मला.” सरांनी वर्गात बोलायला नको होतं असं मला आजही वाटतं. पण त्याच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे दोन महिने वर्गात त्याचं नाव ‘स्ट्रॉबेरी’.

तेव्हापासून घरात नियम आहे. आजारपण, लग्न, आजोबांचं वर्षश्राद्ध यातलं काही रजेसाठी वापरायचं नाही. फिरायला जातोय तर फिरायला जातोय असंच लिहायचं.

आता कामाचं.

आधी इयत्ता, मग महिना, मग गाव

आपण उलटं करतो. आधी हॉटेल बुक करतो आणि मग शाळेला कळवतो.

सहावी-सातवी सोपी. आठवीत थोडं थांबा. आठवीपर्यंत पोरं ढकलतातच ही समजूत जुनी झाली. २०२३ पासून आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे, त्यात नापास झालं तर फेरपरीक्षा आणि त्यातही नाही जमलं तर तोच वर्ग. शिवाय आठवीला एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा असते. एनएमएमएस बहुतेक डिसेंबरात येते, म्हणजे नेमकी आमच्या मोकळ्या दिवसांत. मूल बसणार असेल तर तारीख बघूनच निघा.

नववी ही माझ्या मते शेवटची खिडकी, आणि तीही दिवाळीनंतरची. पहिलं सत्र झालेलं असतं, एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकलेची परीक्षा झालेली असते, स्नेहसंमेलनाच्या तालमी अजून जोरात नसतात. पुढे जानेवारीत संक्रांतीला गड्डा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांची जत्रा, सुरू झाला की सोलापूरचं पोर कुठं जायला तयार होत नाही, आणि गड्डा संपेपर्यंत वार्षिक परीक्षा दिसायला लागते. बऱ्याच शाळा-क्लासवाले नववी संपता संपता दहावी सुरू करतात.

दहावीत नेऊ नका. मी कुणाला उपदेश करत नाही, पण इथं करते. बोर्डाचे फॉर्म, त्यातल्या नावांच्या दुरुस्त्या, सह्या, पूर्वपरीक्षा, तोंडी, प्रात्यक्षिकं हे सगळं वर्षभर तुकड्यातुकड्यानं चालू असतं आणि कुठला तुकडा कुठल्या मंगळवारी येईल ते सांगता येत नाही. दर विषयाला वीस गुण शाळेच्या हातात असतात, ते असल्याच दिवशी बुडतात. बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारीत लागते. एवढं सगळं संपू द्या, मग न्या.

हजेरीचा हिशेब घरीच करा. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला वर्षाला २२० दिवस शाळा धरली आहे. पाच दिवस म्हणजे त्यातले दोन-सव्वादोन टक्के. बोर्डाच्या वर्गाला ७५ टक्के हजेरी लागते, तिथपर्यंत पाच दिवसांनी कुणी घसरत नाही. पण पावसाळ्यातला खरा ताप, मामाचं लग्न, क्रीडास्पर्धा हे दिवस आपण विसरलेलो असतो. वर्गशिक्षकांना विचारलं तर ते हजेरीपट बघून दोन मिनिटांत आकडा सांगतात. आमच्या धाकटीनं तर वेगळाच मुद्दा काढला. तिला पूर्ण हजेरीचं बक्षीस हवं होतं. हे आम्हाला माहीतही नव्हतं. नशीब, जूनमध्येच एक दिवस बुडालेला निघाला, नाहीतर तिला आजोळी ठेवूनच जावं लागलं असतं.

पोराला विचारा, पण खरंच विचारा

चौदाव्या वर्षीच्या पोराची मापं आमच्या धंद्यात सगळ्यात फसवी. जूनमध्ये अठ्ठावीसची कंबर म्हणून दिलेली पँट दिवाळीला घोट्याच्या वर. म्हणून आम्ही नववीच्या पँटीला खाली तीन बोटं जास्त दुमड ठेवतो. घरात मात्र आपण जूनचंच माप धरून बोलत असतो.

मी थोरल्याला म्हटलं, हंपीला जाऊ. तो म्हणाला, “हं.” मी म्हटलं, पाच दिवस शाळा बुडेल. “हं.” मला वाटलं खूश आहे. चार दिवसांनी कळलं की त्या शनिवारी त्यांच्या वर्गाची दुसऱ्या तुकडीशी मॅच होती आणि हा विकेटकीपर. मी मनात म्हटलं, गल्लीतली मॅच ती काय. तोंडानं मात्र म्हटलं, तूच बोल कॅप्टनशी. मॅच एक आठवडा आधी झाली. हरले, पण ती वेगळी गोष्ट.

म्हणून तारखा ठरवायच्या आधी त्याला तीन प्रश्न विचारा: त्या आठवड्यात वर्गात काय आहे, कुणाचा वाढदिवस आहे, आणि कशात तुझं नाव दिलेलं आहे. उत्तरं लगेच येत नाहीत. रात्री जेवताना विचारलं तर ‘काही नाही’ येतं. गाडीवरून क्लासला सोडताना, तोंड समोर नसताना, खरं बाहेर पडतं.

आमच्या तारखा शेवटी सासूबाईंनी ठरवल्या. त्यांचे मार्गशीर्षातले गुरुवार. गुरुवारी घट मांडायचा, नैवेद्य, दुसऱ्या दिवशी पहाटे विसर्जन. मग शुक्रवारी सकाळी निघून पुढच्या गुरुवारच्या आत परत. शाळेचे शुक्र, अर्धा शनि, सोम, मंगळ, बुध. असे पाच.

अर्ज त्यानंच लिहायचा

पालकाची सही लागते, ती खाली करा. मजकूर मुलाचा असू द्या. आमच्याकडचा, त्याच्याच शब्दांत:

‘मा. मुख्याध्यापिका यांस. विषय: कुटुंबासोबत सहलीला जाण्यासाठी पाच दिवस रजा मिळणेबाबत. महोदया, मी नववी ब चा विद्यार्थी. माझे आईवडील शाळेचे गणवेश शिवतात. त्यामुळे मे महिन्यात त्यांना सुट्टी नसते. आम्ही विजापूर, बदामी आणि हंपी बघायला जाणार आहोत. या दिवसांत भूमितीचे वर्तुळ हे प्रकरण सुरू होणार आहे आणि विज्ञानाचे एक प्रात्यक्षिक आहे. प्रात्यक्षिक मी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तुकडीबरोबर करू शकतो का, हे मी विज्ञानाच्या मॅडमना विचारले आहे. त्या हो म्हणाल्या आहेत. तरी रजा मिळावी ही विनंती.’

‘विजापूर’ मी तसंच राहू दिलं. पाटीवर विजयपुरा असलं तरी सोलापूरकराच्या तोंडी ते विजापूरच.

यात काम करणारं वाक्य प्रात्यक्षिकाचं आहे. काय बुडणार हे आपणच सांगितलं आणि त्याची सोय काय तेही सांगितलं, की समोरच्याला नाही म्हणायला जड जातं. पण त्यासाठी आधी विषयशिक्षकांना भेटावं लागतं, आणि ते त्यालाच भेटू द्या. क्रम असा: विषयशिक्षक, मग वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापिका. थेट वर गेलात तर वर्गशिक्षकांना वाईट वाटतं आणि अर्ज पुन्हा खालीच येतो. निदान पंधरा दिवस आधी द्या. एक प्रत सही-शिक्क्यासह घरी ठेवा.

नाही म्हणाले तर? काही शाळा सरळ नाही म्हणतात. वाद घालू नका, कारण विचारा. चाचणी असेल तर तारीख बदला. नुसतं ‘पद्धत नाही’ असेल तर दिवस कमी करून पुन्हा विचारा, शनिवार-रविवारला जोडून तीनच मागा. तरीही नाही, तर मी नेणार नाही. पोराला पुढचं वर्ष त्याच माणसांसमोर बसायचं आहे.

शाळेपेक्षा क्लासची रजा अवघड, हे लिहायलाच पाहिजे. शाळेत फी भरून कुणी टोचून बोलत नाही. क्लासवाले ‘मग मार्क कमी आले तर आम्हाला बोलू नका’ म्हणतात, आणि त्यांची परीक्षा हटकून रविवारी असते. तिथं मी स्वतः गेले, कारण पैसे मी भरते. बुडालेली टेस्ट परतल्यावर घेणार का, एवढंच विचारलं. घेतो म्हणाले. घेतलीही.

अभ्यासाचं ओझं

सगळं दप्तर नेऊ नका. नेलं तर उघडत नाही, आणि न उघडल्याचा अपराध सगळा प्रवासभर डिकीत बसून असतो. आम्ही एक भूमितीचं पुस्तक आणि एक शंभर पानी वही एवढंच नेलं. रोज सकाळी नाश्त्याआधी चाळीस मिनिटं, खोलीत, फोन माझ्याकडे. संध्याकाळी अभ्यास ठेवला तर होत नाही, दिवसभर उन्हातून फिरल्यावर मोठ्यांनाही आडवं व्हावंसं वाटतं.

मित्र एकच ठरवा, अक्षर बरं असलेला, जो रोज वहीचे फोटो पाठवेल. वर्गाच्या ग्रुपवर मागितलं की पंधरा जण अंगठा दाखवतात आणि फोटो एकही येत नाही.

तिथं गेल्यावर

लांब रेल्वेनं जाणार असाल तर आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं (पूर्वी एकशेवीस होतं, २०२४ च्या नोव्हेंबरपासून बदललं), म्हणजे शाळेची परवानगी त्याच्या आधी तोंडी तरी घेऊन ठेवावी लागते. बारा पूर्ण झालेल्या मुलाला पूर्ण तिकीट. याउलट पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत पंधराच्या आतल्या मुलांना तिकीट नाही, पण चौदाचं पोर मिशी फुटायच्या बेतात असेल तर आधार कार्ड खिशात ठेवा. आम्ही भाड्याची गाडी केली, सासूबाईंचे गुडघे लक्षात घेऊन. विजापूर शंभर किलोमीटर, रस्ता चौपदरी. पहाटे निघालो तर दोन तासांत गोल घुमट.

शिदोरी सोलापूरचीच. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाच दिवस काही बिघडत नाही, वाढत्या पोराला रात्री अकराला भूक लागते तेव्हा हॉटेलात दुसरं काही मिळतही नाही. कोल्हारला कृष्णेच्या पुलाअलीकडे-पलीकडे मडक्यातलं घट्ट दही मिळतं, ते त्या भाकरीवर चुरून खाल्लं तर जेवणाची गरज उरत नाही. मी अक्कलकोटची, कानडी येतं, त्यामुळे मडकं धरून भावही करता आला.

खोल्या दोन घ्या. पैसे जातात, जाऊ द्या. नववीतल्या पोराला आई-बहीण-आजीसमोर टॉवेल गुंडाळून उभं राहायला आवडत नाही, आणि चिडचिडीचं कारण तो कधी सांगणार नाही.

एक दिवस त्याला द्या. कुठं जायचं, किती वाजता, कुठं खायचं, पैसे किती, सगळं त्याचं. आमच्याकडे त्यानं हंपीतली मातंग टेकडी निवडली, सूर्योदयाला. शाळेसाठी पाच हाका मारून न उठणारं पोर पावणेपाचला बूट घालून दारात उभं होतं आणि बापाला उठवत होतं. मी आणि सासूबाई खाली चहा घेत बसलो. त्यांना टेकडीशी काही कर्तव्य नव्हतं. त्या आल्या होत्या विठ्ठल मंदिरासाठी. कृष्णदेवरायानं पंढरपूरचा विठोबा हंपीला नेला आणि भानुदासांनी तो परत आणला, अशी कथा आपल्याकडे सांगतात. पंढरपूरच्या वाटेवर आयुष्य घातलेल्या बाईला ते रिकामं मंदिर बघायचं होतं. पोरं बाहेर दगडी रथासमोर पन्नासची नोट धरून फोटो काढत होती, कारण नोटेवर तोच रथ आहे. सासूबाई आत खांबाला हात लावून म्हणाल्या, “बरं झालं नेला परत.”

पण मला सांगायचं आहे ते पहिल्या दिवसाचं. गोल घुमटाच्या कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून अरुंद जिने चढत वर गेलं की घुमटाच्या आत गोल सज्जा लागतो. हळू बोललेलं पलीकडे ऐकू येतं म्हणून प्रसिद्ध. दहानंतर तिथं सहलीची पोरं किंचाळत असतात आणि काही म्हणजे काही ऐकू येत नाही. आम्ही साडेसातला वर होतो, जेमतेम सात-आठ माणसं. थोरला न सांगता चालत चालत समोर जाऊन उभा राहिला. मधे सुमारे अडतीस मीटरचं पोकळ अंतर, खाली मोहम्मद आदिलशहाची कबर. एवढासा दिसत होता. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. आणि माझ्या कानाजवळ, अगदी शेजारी उभा असल्यासारखा त्याचा आवाज आला, “आई, मी आता कुणी विचारलं तर सांगणार, आम्ही फिरायला गेलो होतो.”

वर्ष-दीड वर्षात ‘हं’च्या पलीकडे गेलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. मी भिंतीला तोंड लावून काहीतरी बोलायला गेले तर नेमका आमच्या ह्यांनी मोठ्यानं खाकरा काढला आणि घुमटानं तो सात-आठ वेळा परत ऐकवला.

(व्यास म्हणजे वर्तुळाची सर्वांत मोठी जीवा. हे पुढच्या सकाळी बदामीच्या लॉजमध्ये पुस्तकातून वाचताना तो म्हणाला, “म्हणजे मी बरोब्बर व्यासावर उभा होतो की.” याहून जास्त अभ्यास त्या दिवशी झाला नाही.)

बदामीच्या लेण्यांत माकडांपासून चष्मा आणि खाऊची पिशवी सांभाळा. ऐहोळे-पट्टदकल एका दिवसात होतं, पण तेराच्या आतल्या मुलीला तिसऱ्या देवळानंतर सगळी देवळं सारखीच दिसतात. धाकटीला सावलीत बसवून उसाचा रस द्या.

परतताना

रात्री घरी आणि सकाळी शाळेत, असं करू नका. मधला बुधवार आम्ही मुद्दाम ठेवला होता. त्या दिवशी कपडे धुवायचे नाहीत, पाहुणे नाहीत, फक्त वह्या. थोरल्यानं दुपारी मित्राला घरी बोलावलं आणि दोघांनी मिळून वर्तुळ संपवलं. फोटोतून उतरवायला जे तीन तास लागले असते ते शेजारी बसून सव्वा तासात झालं. पहिल्या दिवशी शाळेत जाताना स्वच्छ गणवेश आणि पूर्ण वही हे दोन्ही असलं की कुणी फार विचारत नाही. आमच्याकडे पहिल्याची कमतरता नसते.

प्रात्यक्षिक त्याच आठवड्यात आठवण करून द्या, मॅडम विसरतात, त्यांच्याकडे तीन तुकड्या असतात.

आणि वही देणाऱ्या मित्रासाठी काहीतरी आणा. ऐहोळेच्या वाटेवर अमिनगड लागतं, तिथला करदंट प्रसिद्ध आहे. डिंक, सुकं खोबरं, गूळ, सुकामेवा, टिकतोही भरपूर. आम्ही एकच खोका घेतला होता. बुधवारी संध्याकाळी मित्राला द्यायला कपाट उघडलं तर निम्मा रिकामा, आणि आजीसकट कुणीच कबूल होईना. दोन घ्या.